कॉलेजचे पहिले वर्ष आणि आपले घर

आषाढ लागला की गोवळकोंड्यापासून लाल दरवाजापर्यंत बोनालूची धामधूम सुरू होते, आणि साधारण त्याच सुमारास हैदराबादेतील पदवी महाविद्यालयांचे वर्ग भरू लागतात. त्यापूर्वीचे दोन-तीन महिने आपल्या घरांतून दुसरा विषय नसतो. इंटरचा निकाल, अभियांत्रिकीची प्रवेशपरीक्षा, पदवीच्या प्रवेशांसाठी राज्याने २०१६ पासून चालविलेली 'दोस्त' ही ऑनलाइन व्यवस्था, तिच्या एकामागून एक फेऱ्या, कोणते कॉलेज घरापासून किती दूर आणि तेथे कोणती बस जाते, या चर्चेत आजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांचा भाग असतो. मग एके दिवशी जागा मिळते, फी भरली जाते, नवी बॅग येते आणि घर स्वस्थ होते. मुलगा मार्गी लागला, असे आपण म्हणतो. हे म्हणण्यात थोडी घाई होते, एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमची सरकारी शाळा दहावीपर्यंतची. कॉलेजात गेलेल्या मुलांशी आमचा संबंध कागदोपत्री संपलेला असतो. तथापि दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे काही पालक शाळेत येतात. दाखल्याची दुय्यम प्रत, जन्मतारखेची दुरुस्ती, असे काहीतरी निमित्त असते. काम झाल्यावर मात्र ते उठत नाहीत. "सर, आपल्याकडे असताना तो कसा होता हो?" असे विचारतात, आणि मग हळूहळू खरी गोष्ट बाहेर येते. मुलगा रोज डबा घेऊन जातो, संध्याकाळी परततो, विचारले तर 'बरं चाललंय' म्हणतो. आणि परवा कॉलेजकडून हजेरी कमी असल्याचा संदेश वडिलांच्या फोनवर आला. किंवा असे कळले की, पहिल्या अंतर्गत चाचणीला दोन विषयांत तो बसलाच नव्हता. यांतील बहुतेक मुले आमच्याकडे असताना मंद नव्हती, उनाडही नव्हती. कित्येकांची नावे शाळेच्या गुणवंतांच्या फळ्यावर आहेत. वर्षानुवर्षे ही प्रकरणे ऐकल्यावर माझे मत असे बनले आहे की, पहिल्या वर्षी घसरणारा मुलगा विषय कठीण असल्यामुळे क्वचितच घसरतो. तोपर्यंतच्या आयुष्यात एक मोकळा तास त्याच्या हवाली कोणी केलेला नसतो, आणि आता एकदम सारा दिवसच हवाली होतो.

इतर प्रांतांतील वाचकांसाठी आमच्याकडील इंटरविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. तुमच्याकडे जी अकरावी-बारावी, ती आमच्याकडे इंटरची दोन वर्षे. या दोन वर्षांत अभियांत्रिकी किंवा वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणारी मोठमोठी खाजगी कॉलेजे शहरात पसरलेली आहेत. तेथील दिनक्रम पाहिला तर आपल्या जुन्या गुरुकुलांनीही हात टेकावेत. पहाटे उठवून अभ्यासाला बसवितात, रात्री दहापर्यंत अभ्यास चालतो, दर आठवड्याला चाचणी होते आणि लगेच क्रमांक लागतात. वसतिगृहात राहणाऱ्याला फोन नसतो. आईवडिलांची भेट ठरल्या दिवशी. एखादा मुलगा तासाला दिसला नाही की घरी फोन जातो. या व्यवस्थेला नावे ठेवण्याची फॅशन आहे, परंतु तिचे श्रेय तिला दिले पाहिजे. मुले तेथे बैठक शिकतात, वेग शिकतात, आणि पुष्कळांना इच्छित प्रवेशही मिळतो. एक गोष्ट मात्र ती तेथे शिकत नाहीत. आज कोणता विषय आधी घ्यावा, किती वेळ घ्यावा आणि कुठे थांबावे, हे दोन वर्षांत एकदाही त्यांना ठरवावे लागत नाही. वेळापत्रक भिंतीवर असते.

तोच मुलगा जुलैत पदवीच्या किंवा बी.टेक्.च्या पहिल्या वर्गात येऊन बसतो. पहिला तास होतो. दुसऱ्याचे प्राध्यापक रजेवर असतात. तिसरा तास बारा वाजता. मधला वेळ ग्रंथालयात काढा, कॅन्टीनमध्ये काढा, नाहीतर मेट्रोने अमीरपेठेला जाऊन या. कोणी विचारत नाही. हे काही आठवडे खरोखर सुखाचे असतात, आणि दोन वर्षे कोंडल्यासारखा राहिलेला मुलगा ते सुख भोगतो याचा घरच्यांनी राग मानू नये. परंतु पहिल्या दिवसापासून एक घड्याळ चालू झालेले असते. ते त्याला दिसत नाही, आपल्यालाही दिसत नाही.

ते घड्याळ असे. आमच्या राज्यातील विद्यापीठांत पदवीला २०१६-१७ पासून सेमिस्टर आणि क्रेडिटची पद्धत आहे. आपल्या वेळी वर्षाच्या अखेरीस एकदा परीक्षा असे. दसरा-दिवाळी खेळण्यात घालवून जानेवारीत कंबर कसली तरी निभाव लागे. आता सेमिस्टरचे शिकविण्याचे दिवस साधारण नव्वद. क्रेडिट म्हणजे ढोबळमानाने आठवड्याचा एक तास. पहिली अंतर्गत चाचणी सहा-आठ आठवड्यांत येऊन ठेपते, म्हणजे कोणता वर्ग कोणत्या मजल्यावर आहे हे नीट कळेपर्यंतच. तिचे गुण अंतिम निकालात मिळविले जातात. शेवटच्या फेरीत प्रवेश मिळालेल्या मुलाचे तर दोन-तीन आठवडे आधीच गेलेले असतात.

हजेरीचाही हिशेब मुलांना करून दाखवावा. साधारणपणे ७५ टक्के उपस्थिती लागते. नव्वद दिवसांत अडुसष्ट दिवस हजर राहिले पाहिजे, म्हणजे बावीस दिवस चुकविता येतात. बावीस ही संख्या प्रथम मोठी वाटते. पण 'आज एकच तास आहे, त्यासाठी कोण दिलसुखनगरहून जातो' असे म्हणून आठवड्यातील एक दिवस सोडला तरी पंधरा आठवड्यांत पंधरा दिवस गेले. गणपतीत मंडळाच्या कामाचे दोन-तीन गेले. मग पावसाळ्यात एक टायफॉइड पुरतो. माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत बहुतेक मुलांची हजेरी अशीच, कोणतेही मोठे पाप न करता गेलेली होती.

मी त्या मुलांना बोलावून एक साधा हिशेब मांडायला लावतो. आठवड्याचे तास १६८. रोज आठ तासांची झोप धरली तर ५६ गेले, उरले ११२. कॉलेजचे तास आणि प्रात्यक्षिके मिळून ३० धरू. हैदराबादच्या रहदारीत जाणे-येणे १५. स्नान, जेवण, घरचे बारीकसारीक काम यांना रोजचे तीन, म्हणजे २१. शिल्लक राहतात ४६ तास. या सेहेचाळीस तासांचे गेल्या आठवड्यात काय झाले, असे विचारले की मुले गप्प होतात. खोटे बोलत नाहीत, त्यांना खरोखरच सांगता येत नाही. थोडे फोनमध्ये गेले, थोडे कॉलेजच्या कट्ट्यावर, थोडे 'आता बसतो' असे म्हणण्यात. निम्मे तास जरी अभ्यासाला दिले तरी ते भरपूर होतात, आणि उरलेले निम्मे क्रिकेटला, सिनेमाला व मित्रांना निर्धास्तपणे देता येतात. एक आठवडाभर रोज रात्री, गेलेले तास वहीत मांडावेत. एवढेच मी सांगतो. तो जमाखर्च घरच्यांनी पाहू नये. पाहिला की त्यात खोट्या रकमा पडू लागतात.

वर्गातील व्याख्यान ही दुसरी अडचण. शाळेत आम्ही धडा वाचतो, समजावतो, फळ्यावर उत्तर लिहून देतो आणि वही तपासतो. इंटरमध्ये छापील 'मटेरियल' हाती येते. कॉलेजातील प्राध्यापक पन्नास मिनिटे बोलतात आणि निघून जातात. त्यांच्या बोलण्यातील काय टिपून घ्यावे हे विद्यार्थ्याने ठरवायचे असते. नवा विद्यार्थी एकतर सगळेच लिहू पाहतो आणि मागे पडतो, किंवा 'मागाहून कोणाचे तरी फोटो काढून घेऊ' म्हणून काहीच लिहीत नाही. वहीचे उजवे पान वर्गात वापरावे आणि डावे कोरे ठेवावे, हा जुना उपाय अजूनही चांगला आहे. त्याच रात्री अर्ध्या तासात डाव्या पानावर तोच विषय आपल्या शब्दांत लिहावा. जेथे शब्द अडतात, तेथे समजलेले नाही. ती अडलेली जागा घेऊन दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांकडे जावे. मुले तेथे जायला संकोचतात, जणू प्राध्यापकांच्या खोलीचा दरवाजा म्हणजे कलेक्टरची कचेरी. वस्तुतः तेथे वर्षभर कोणीच येत नाही याची खंत करणारे प्राध्यापक माझ्या परिचयाचे आहेत. अनेक कॉलेजांत प्रत्येक विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक शिक्षकही नेमून दिलेला असतो. आपल्या मुलाला त्याचे नाव तरी ठाऊक आहे काय, हे आपण विचारून पाहावे.

आपल्या घरांत या अडचणीला भाषेचा पदर जोडलेला असतो. घरात मराठी, रस्त्यावर दखनी, मित्रांत तेलुगू आणि वर्गात इंग्रजी, असे आपले मूल चार भाषांत वावरते. याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटावाही. परंतु बाजारहाट करण्यापुरती भाषा येणे निराळे, आणि तीत अर्थशास्त्र समजून घेणे निराळे. पहिल्या महिन्यात व्याख्यानातले निम्मे कानांवरून गेले की मुलाला वाटते, आपली बुद्धीच कमी आहे. हा समज घराने वेळीच दूर केला पाहिजे.

त्यासाठी आपल्याच समाजाचा इतिहास हाताशी आहे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी त्याचे वर्ग भरू लागले. इंग्रजी हा सक्तीचा विषय होता, पण बाकी सारे शिक्षण, विज्ञान आणि वैद्यकासह, उर्दूतून चाले. त्यासाठी दारुल तर्जुमा हे भाषांतराचे खाते उघडण्यात आले आणि शास्त्रांची पुस्तके व परिभाषा तेथे घडविली गेली. नांदेड, परभणी किंवा बीडकडचा मुलगा शिकायला हैदराबादला उतरे, तेव्हा घरी हरिपाठावर वाढलेल्या त्याच्या जिभेला गणिताला रियाझी, पदार्थविज्ञानाला तबीयात आणि त्रिकोणाला मुसल्लस म्हणावे लागे. ज्यांना इंग्रजीतून शिकायचे असे, त्यांना निजाम कॉलेज होते. ते १९४७ पर्यंत थेट मद्रास विद्यापीठाला जोडलेले. पोलीस कारवाईनंतर उर्दू माध्यम गेले आणि इंग्रजी आले, तेव्हा त्याच पिढीतील कित्येकांना परिभाषा दुसऱ्यांदा पाठ करावी लागली. आपल्यापैकी काहींच्या घरी उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या रसायनशास्त्राच्या वह्या अजून माळ्यावर असतील. त्या नातवंडांना एकदा दाखवाव्यात. मराठी घरांतून वकील, डॉक्टर, शिक्षक निघाले ते अशा वह्यांतून.

परकी परिभाषा आपलीशी करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग मला आमच्याच एका माजी विद्यार्थिनीने दाखविला. ही मुलगी बी.कॉम.ला गेली. पहिल्या महिन्यात डेबिट-क्रेडिटच्या गर्दीत ती पुरती गोंधळली. तिचे आजोबा पूर्वी बेगमबाजारातील एका किराणा पेढीवर मुनीम होते. संध्याकाळी ती त्यांच्याजवळ बसून वर्गात ऐकलेले मराठीत सांगू लागली. "अगं, ही तर आपली जमा आणि नावे! आणि ते लेजर म्हणतात ती खतावणी," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी तिला कीर्दीवरून खतावणी कशी करीत ते जुन्या वहीवर दाखविले. तीन आठवड्यांत ती मार्गाला लागली. आजोबा मुनीम असणे हा योगायोग होता. तसा योग सर्वांच्या घरी नसतो. पण त्यांना काही ठाऊक नसते तरी निम्मे काम झाले असते असे मला वाटते. ज्याला विषय माहीत नाही अशा माणसाला तो आपल्या भाषेत समजावून सांगताना, आपल्याला कोठवर कळले आहे ते स्पष्ट दिसते. ऐकणारे माणूस मात्र हवे. घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती हे काम आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. (इंटरला संस्कृतमध्ये भरमसाट गुण मिळतात म्हणून ते घ्यायचे आणि संस्कृतची उत्तरे इंग्रजीत लिहायची, या आमच्याकडील चालीविषयी मराठीचा शिक्षक म्हणून मला पुष्कळ बोलायचे आहे, ते पुन्हा कधीतरी.)

आता नापास होण्याविषयी. हा शब्द आपल्या घरांत उच्चारला जात नाही, आणि म्हणूनच तो घडल्यावर मुलाला लपवावा लागतो. नरहर कुरुंदकर हे नाव मराठी वाचकांना सांगायला नको. हा कुरुंद्याचा मुलगा शिक्षणासाठी हैदराबादला आला. त्याचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. कुरुंदकर येथे सिटी कॉलेजात होते आणि इंटरच्या परीक्षेत ते एकाहून अधिक वेळा नापास झाले. त्यांचे वाचन त्या वयातही अफाट होते. परीक्षेचा अभ्यास ही मात्र निराळी वस्तू होती. पुढे ते नांदेडला शाळेत शिक्षक झाले, शिकत राहिले, एम.ए. झाले, आणि १९८२ साली त्यांचे निधन झाले तेव्हा नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे ते प्राचार्य होते. 'जागर', 'शिवरात्र', 'रूपवेध' ही त्यांची पुस्तके मराठी विचाराच्या इतिहासात राहिली आहेत.

या उदाहरणाचा दुरुपयोगही मी पाहिला आहे. 'कुरुंदकरही नापास झाले होते' असे म्हणणाऱ्या मुलाने कुरुंदकरांइतके सोडा, त्यांच्या शतांशानेही वाचलेले नसते. परंतु पालकांनी मात्र ते उदाहरण ध्यानात ठेवावे. एका परीक्षेत नापास झालेल्या मुलाचे पुढे काय होणार, हे त्या निकालाच्या कागदावर लिहिलेले नसते. सेमिस्टर पद्धतीत राहिलेला विषय पुढच्या परीक्षेला पुन्हा देता येतो. मुले त्याला बॅकलॉग म्हणतात. पहिल्या सेमिस्टरमध्ये एखादा विषय राहणे ही वाईट गोष्ट आहे, अनर्थ नव्हे. खरी वाईट गोष्ट तो लपविणे. कारण लपविलेल्या एका विषयाचे पुढच्या वर्षी चार होतात.

अनर्थ कशाला म्हणतात, ते आम्ही हैदराबादकरांनी २०१९ च्या एप्रिलमध्ये पाहिले. इंटरच्या निकालात गोंधळ झाला, आणि निकालानंतरच्या दिवसांत राज्यात अनेक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. नंतर नापास झालेल्या सर्वांच्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासण्याचा आदेश सरकारने दिला. ज्या घरांतील दिवा विझला होता, त्यांना त्याचा काय उपयोग? तेव्हापासून निकालाच्या दिवशी मी शाळेत उशिरापर्यंत थांबतो. मुलाचे जेवण-झोप बिघडली, तो दार लावून बसू लागला, आवडत्या गोष्टींतून मन काढून घेऊ लागला, तर 'वयाचा परिणाम' म्हणून सोडून देऊ नये. त्याला सरळ, शांतपणे विचारावे; जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय, हेसुद्धा विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेलिमानस' ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि अनेक भारतीय भाषांतून बोलता येते. हा क्रमांक गॅस आणि दूध यांच्या क्रमांकांशेजारी घरात लिहून ठेवावा.

रॅगिंगची भीती पूर्वीइतकी राहिली नसली तरी ते संपलेले नाही. तत्कालीन आंध्र प्रदेशाने १९९७ सालीच त्याविरुद्ध कायदा केला होता. हिमाचलातील वैद्यकीय विद्यार्थी अमन काचरू याचा मार्च २००९ मध्ये रॅगिंगमुळे मृत्यू झाल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम केले आणि १८००-१८०-५५२२ हा क्रमांक सुरू झाला. प्रवेशाच्या वेळी पालक आणि विद्यार्थी ज्या प्रतिज्ञापत्रावर सही करतात, ते याच नियमांपैकी. बहुतेकजण ते न वाचता सही करतात. वाचावे.

परक्या गावी रुळण्याची गोष्ट निघाली म्हणजे मला आपल्या दृष्टीने उलट्या दिशेचे एक उदाहरण आठवते. १९३८ च्या अखेरीस उस्मानियाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यावर बंदी आली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही, आणि शेकडो मुलांना शिक्षणाला मुकण्याची वेळ आली. निजामाच्या राज्यात दुसरे विद्यापीठ नव्हते. तेव्हा नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू केदार यांच्या पुढाकाराने, त्यांना प्रवेश दिला. मराठी, तेलुगू, कानडी अशी सगळी मुले रेल्वेने नागपूरला गेली. त्या चळवळीत वरंगलच्या कॉलेजातून बाहेर पडलेला एक तेलुगू विद्यार्थी नागपूरला आणि नंतर पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकला. नुसता शिकून परतला नाही, तर मराठीत मुरला; इतका की, हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीचे त्याने पुढे तेलुगूत भाषांतर केले. हा विद्यार्थी म्हणजे १९९१ साली देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव. भोवतालची भाषा त्यांनी अडचण म्हणून सोसली नाही, ती आपलीशी केली. आपल्या मुलांपैकी कित्येकांना तेलुगू बोलता येते, पण वाचता येत नाही, आणि वर्गातील मित्रांचे वर्तुळ मग तेवढ्यावर अडते. पहिल्या वर्षाच्या रिकाम्या तासांतील रोजची वीस मिनिटे तेलुगू वृत्तपत्राला दिली तर पुढे नोकरीतही त्याचा उपयोग होतो.

शेवटी, जी मुले आपल्या घरची नाहीत त्यांच्याविषयी. आदिलाबाद, नांदेड, बीदरकडून दरवर्षी मराठी मुले-मुली शिकण्यासाठी या शहरात येतात आणि वसतिगृहांत किंवा खोल्या घेऊन राहतात. कित्येकांच्या घरातून कॉलेजात आलेले हे पहिलेच माणूस असते. क्रेडिट म्हणजे काय, हे ज्यांना विचारावे असे घरी कोणी नसते, आणि आईवडिलांना काळजी नको म्हणून फोनवर सगळे छान असल्याचे सांगितले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढली. काही कॉलेजांत ती मनापासून अमलात येते, काहींत एका दिवसाची भाषणे होऊन संपते. दोन्ही ठिकाणी संध्याकाळी सातनंतर मुलगा एकटाच असतो.

आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात दिवसांचे सात वार. ती चाल जातीच्या चौकटीत अडकलेली होती आणि त्यात मिंधेपणाही होता. ती जशीच्या तशी परत यावी असे मी म्हणणार नाही. पण तिच्यात एक गोष्ट आपोआप साधत असे. आठवड्यातून सात घरांच्या सात बाया त्या मुलाचे ताट पाहत. तो आज नीट जेवला नाही, डोळे ओढल्यासारखे दिसतात, गेल्या बुधवारी आलाच नाही, हे कोणाच्या तरी ध्यानात येई. वसतिगृहाच्या खानावळीत तीनशे ताटे असतात. तेथे हे कोण पाहणार?

आपल्या शहरात मराठी कुटुंबे थोडी नाहीत. सुलतानबाजार, काचीगुडा, बरकतपुरा येथील जुनी घरे आहेत, कुकटपल्ली-मियापूरकडची नवी आहेत. मेट्रो आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून राज्यातील मुलींना साध्या बसने फुकट जाता येते, तेव्हा येण्याजाण्याची सबब फारशी उरत नाही. मंडळांनी जुलैतच अशा मुलांची नावे मिळवावीत आणि एका कुटुंबाने एक मूल, मग ते कोणत्याही जातीचे असो, पहिल्या सेमिस्टरपुरते महिन्यातील दोन रविवारी जेवायला बोलवावे. खास काही करू नये. वरण-भात, भाजी, पोळी पुरे. त्याला गुण विचारू नयेत, हजेरीही विचारू नये. गावाकडे पाऊस कसा आहे ते विचारावे, वसतिगृहात शेजारच्या खाटेवर कोण आहे ते विचारावे. घरात त्याच इयत्तेतले आपले मूल असेल तर जेवणानंतर दोघांना गच्चीवर सोडावे. चाचणीचा विषय तो पहिल्या रविवारी काढत नाही. तिसऱ्या किंवा चौथ्या रविवारी, चपला घालता घालता, आपणहून काढतो. त्या वेळी दारात थोडे जास्त वेळ उभे राहावे.